साठ वावांचं मैदान

मनू म्हणते, "बाबा, लहानपणाचं लिहा, लोक तेच वाचतात." मनू म्हणजे माझी मुलगी. मी वहीत लिहितो, ती टाईप करते, आणि मध्येच माझी वाक्यं सुधारते, मग आमचं भांडण होतं. लहानपणाचं काय लिहू? चार इयत्ता शिकलो. पाचवीत मास्तरांनी कान धरला, तो सोडवून घेतला आणि परत त्या दाराला गेलो नाही. सतराव्या वर्षी बोटीवर चढलो. ह्याला काय मोठं होणं म्हणतात? मिशी फुटली म्हणजे माणूस मोठा झाला असं नव्हे. मी मोठा झालो तो सिंगापुरात, केस पिकायला लागल्यावर, एका लहानशा कॉलेजच्या फुटबॉलच्या मैदानावर. माझी वाढ तिथली, म्हणून मी तिथलंच लिहिणार. ज्याला पटत नसेल त्यानं आपली वही घ्यावी आणि आपलं लिहावं.

जुरोंग ईस्टला दहाव्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता. पहाटे उजाडायच्या आधीच खालच्या झाडावर कोकीळ ओरडायला लागायचा. तिथला कोकीळ गोड नाही, तो भांडतो. मग पहिली एमआरटी, म्हणजे तिथली लोकल, पुलावरून जायची, तिचा आवाज भांड्यांच्या फळीत उतरायचा. मग सुलूची शिलाईची मशीन सुरू व्हायची. सुलू, म्हणजे माझी बायको, आसपासच्या कॉन्डोमधल्या आपल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. ह्या बायका बँकांतल्या साहेबांच्या, त्यांना मुंबईसारखी फिटिंग लागायची. तिचा एक डोळा मशीनवर आणि दुसरा गॅसवर. बाजारात केम्बुंग नावाचा मासा मिळतो, तो आपला बांगडाच. त्यात गावाहून आलेली तिरफळं पडली की वास लिफ्टपर्यंत जायचा आणि शेजारची चिनी म्हातारी दार उघडून म्हणायची, "अंकल, टुडे व्हेरी शिओक लाह!" म्हणजे आज बेत झकास. मला मात्र घरात बसवत नसे. जेवताना एक पाय दाराकडे असायचा. सुलू म्हणायची, "बोट सुटत नाहीये तुमची, घास चावा." बोट सोडून मला दहा वर्षं झाली होती, पण जमीन स्थिर आहे ह्याची पायांना खात्री नव्हती. कॉलेजात मी मैदान राखायला होतो, तिथं गेलो की बरं वाटायचं. तिथं चालायला जागा होती.

ते मैदान मी आखलं. हे मी अभिमानानं सांगायचो, आता नुसतं सांगतो. कॉलेजनं फुटबॉलची टीम काढली तेव्हा पहिला कोच होता गोह. पोलिसातून निवृत्त झालेला चिनी माणूस, सिगारेट ओठात धरूनच शिट्टी वाजवायचा. पहिल्या दिवशी त्यानं मला गवत दाखवलं आणि म्हणाला, "अंकल, एकशे वीस यार्ड लांब, ऐंशी यार्ड रुंद. टेप ऑफिसात आहे." मी म्हणालो, टेप लागत नाही. आमच्या किनाऱ्यावर जाळी, दोर, पाण्याची खोली, सगळं वावानं मोजतात. दोन्ही हात पसरले की ह्या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत एक वाव. वाव म्हणजे सहा फूट, म्हणजे दोन यार्ड. हे मला बापानं शिकवलं, आणि बापानं शिकवलेलं मी कधी तपासलं नाही. साठ वाव लांब, चाळीस वाव रुंद. मी नायलॉनचा दोर घेतला, हात पसरून पसरून मोजला, दर पाच वावांवर गाठ मारली, आणि त्या दोरावर मैदान आखलं. पेनल्टीचा ठिपका सहा वावांवर. गोह बघत होता. म्हणाला, "फास्ट." मला तो शब्द पदकासारखा वाटला.

गोहची टीम घरच्या मैदानावर वाघ होती. समोरचे सावरायच्या आत आमची पोरं गोल करून मोकळी. पण बाहेर गेली की शेवटच्या वीस मिनिटांत पाय ओढायला लागायची. तोंडं उघडी, हात कमरेवर. दोन वर्षांनी गोहला काढल्याचं पत्र आलं. कमिटीनं लिहिलं होतं, खेळाडूंचा दम कमी पडतो. मग पीटर आला, इंग्लंडचा. त्याच्याकडं लॅपटॉप होता आणि पोरांनी काय खायचं ह्याचे तक्ते. पोरं तक्ते घेऊन हॉकर सेंटरला जायची आणि तळलेलंच खायची. घरी जिंकायची, बाहेर हरायची. पीटरच्या पत्रातही तेच, दम कमी. पाहुण्या टीमची पोरं कधी कधी म्हणायची, "अंकल, तुमचं ग्राउंड छोटं लाह." मी म्हणायचो, "हरलास म्हणून छोटं. जिंकला असतास तर मोठं वाटलं असतं." सगळे हसायचे, आणि विषय तिथंच संपायचा.

तिसरा सेल्वम. तमिळ, शाळेत पीटी शिकवलेला, शब्दाला पक्का. पत्रातला दम त्यानं मनावर घेतला. पोरांना पळवायचा, उलट्या होईपर्यंत पळवायचा. तरी बाहेरचं रडगाणं तेच. एका सकाळी तो ऑफिसातली लांब टेप घेऊन माझ्याकडं आला आणि हळूच म्हणाला, "अंकल, एकदा मोजून बघू या का?" मी रेघा मारायची रंगाची गाडी होती तिथं सोडली. म्हणालो, "तुम्ही येण्याआधी दोन कोच ह्या मैदानावर होऊन गेले. कुणी माझ्या हातावर संशय घेतला नाही. घ्यायचा असेल तर दुसरा माणूस बघा." आणि घरी निघून आलो. दोन दिवस गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी सेल्वम दहाव्या मजल्यावर आला, सुलूच्या हातचा चहा घेतला आणि माझी माफी मागून गेला. टेप परत निघाली नाही. वर्ष संपलं तेव्हा सेल्वमलाही पत्र आलं. त्यानं ते माझ्यासमोर घडी घालून खिशात ठेवलं आणि शिट्टी माझ्या हातात दिली, पुढच्याला द्या म्हणून.

पुढचा ईशाक. मलय पोरगा, तिशीचा, सगळे त्याला चेगू म्हणायचे, म्हणजे मास्तर. घरात बायकोला दिवस गेलेले. सकाळी केळीच्या पानात गुंडाळलेला नासी लेमाक दोन आणायचा, एक माझ्या पुढं ठेवायचा. "बाबांच्या वयाचे आहात," म्हणायचा, "तुम्ही खाल्ल्याशिवाय मी कसा खाऊ?" नारळाच्या दुधातला भात, वर सुकी मासळी. मला माझ्या आईचा हात आठवायचा. चेगूनं पोरांना ओरडून कधी पळवलं नाही, तो त्यांच्यासोबत पळायचा. तरीही बाहेरचे चार सामने गेले. कमिटीच्या मॅडमनी त्याला बोलावून सांगितलं, बाहेरचा एक सामना जिंकून दाखवा, नाहीतर पुढच्या वर्षी करार नाही. त्या दिवशी तो मैदानाच्या कडेला माझ्याजवळ बसला. गवताची काडी तोडत म्हणाला, "अंकल, मला कोचिंग येत नाही. हे मला आधी कळायला हवं होतं." मी म्हणालो, "पोरंच आजकालची मऊ." तेव्हा मला ते खरं वाटत होतं.

त्याच आठवड्यात सुलू पडदे शिवत होती. मला म्हणाली, "अहो, दोरी कापून द्या. सहा फुटाची." मी रीळ घेतलं, हात पसरले, कापली, दिली. तिनं ती मशीनवर अंथरली आणि टेप लावली.

"ही सहा फूट नाही."

"आहे."

"पाच फूट तीन इंच आहे. पडदा लटकेल तुमचा."

"तुझी टेप जुनी झाली. ताणलीय ती."

"ताणली म्हणून काय नऊ इंचांचा फरक पडतो? इकडं या."

तिनं मला भिंतीला उभं केलं, ब्लाउजाला करतात तसं, हात पसरायला लावले आणि ह्या बोटापासून त्या बोटापर्यंत टेप धरली. मनू अभ्यास सोडून बघायला आली. "बाबा, फाइव्ह थ्री," ती म्हणाली. "बाबांची हाइटपण फाइव्ह थ्री. सेम लाह! शाळेत शिकवलंय, हात पसरले की आपल्या उंचीएवढे भरतात." आणि दोघी हसल्या. मीही हसलो असतो. पण माझ्या डोळ्यापुढं माझा बाप आला. सहा फुटी माणूस, होडीत उभा राहिला की शीड वाटायचा. त्याचा वाव सहा फूट होता. त्यानं खोटं सांगितलं नव्हतं. आमच्याकडं ज्याचं जाळं त्याचाच वाव, त्यामुळं कुणाचं कधी अडत नाही. बोटीवर दोर मोजायला सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, असायचा, मी ओढायला. माझ्या हातांनी दुसऱ्या कुणासाठी काही मोजलं असेल तर ते एकच.

जेवलो नाही. सुलूची टेप खिशात घातली आणि मैदानावर गेलो. ऑफिसात लांब टेप होती, ती मागितली नाही. गुडघ्यावर बसून, शिंप्याच्या त्या दोन मीटरच्या टेपनं, काड्या खोचत खोचत मी लांबी मोजली. दोनदा. पहिल्यांदा वाटलं काडी चुकली. शहाण्णव मीटर. पाहिजे होते एकशे दहा. चौदा मीटर मी खाल्ले होते. आणि रुंदीतले नऊ. आमच्या पोरांचे पाय ह्या मैदानाएवढेच शिकलेले, त्यापुढचं मैदान त्यांना दुसऱ्यांच्या घरी जाऊन भेटायचं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. सकाळी जुरोंग ईस्टला गाडीत बसायचो, गाडी नेईल तिथं जायचो, उतरायचो, उलट गाडीत बसायचो. तांजोंग पगारला कोट घातलेली माणसं चढायची, उतरायची, आणि मी दाराशी उभाच. सांगावं तर सेल्वमचा चहाचा कप दिसायचा. माझ्या घरात बसून माझी माफी मागणारा तो माणूस. घरी सुलू विचारायची, काय झालंय, तर मी तिच्यावर ओरडायचो, मासा खारट झाला म्हणून. मासा खारट नव्हता.

शेवटी मी जे केलं ते भित्र्याचं काम. सुट्टीचे दहा दिवस मैदान बंद होतं. मी ऑफिसातली टेप गुपचूप घेतली, चाकांचे गोलपोस्ट मागं ढकलले, जुन्या रेघा खरवडल्या आणि नवं मैदान आखलं. बरोबर एकशे वीस यार्ड. वाटलं, कुणाला कळायचं नाही, पोरं आपोआप शिकतील, चेगू वाचेल आणि मीही. सुट्टीनंतर पोरं आली. एकजण म्हणाला, "ग्राउंड मोठं झालंय का?" दुसरा म्हणाला, "तू जाडा झालायस लाह." मी गवत कापत राहिलो.

आणि तीनच दिवसांनी घरचा सामना होता. घरी आमची टीम कधी हरत नसे. त्या दिवशी हरली. शेवटच्या वीस मिनिटांत पोरं हात कमरेवर ठेवून उभी राहिली, आमच्याच मैदानात, आणि चेगू रेघेवर उभा राहून त्यांच्याकडं असं बघत होता, जणू आपल्या घरात परकी माणसं शिरलीत. मॅडम बघायला आल्या होत्या. जाताना म्हणाल्या, आता बाहेरच्या सामन्याची वाट बघण्यात अर्थ नाही, शुक्रवारी दहा वाजता मीटिंग. म्हणजे लपवायला म्हणून मी जे केलं, त्यानंच त्याला ढकललं. सेल्वमच्या वेळी मला ठाऊक नव्हतं. ह्या वेळी ठाऊक होतं.

शुक्रवारी बोलावलेलं नसताना मी त्या खोलीत गेलो. मॅडम, दोन सर, आणि टेबलाच्या ह्या बाजूला चेगू, इस्त्रीचा शर्ट घालून. मॅडम म्हणाल्या, "अंकल, नंतर." मी म्हणालो, नंतर मला धीर राहणार नाही. माझं इंग्रजी बोटीवरचं. वाव म्हणजे काय ते मला सांगता येईना, म्हणून मी हात पसरून उभा राहिलो. "धिस, सिक्स फूट," म्हणालो. "आय थिंक सिक्स फूट." कुणालाच काही कळेना. मॅडम उंच बाई, त्यांनी माझ्याकडं खाली बघितलं.

"अंकल, तुमची उंची किती?"

"पाच-तीन."

मग मी सगळं सांगितलं, दोर, गाठी, सेल्वमची टेप, सुट्टीतलं काम. सांगताना मला वाटलं होतं कुणीतरी हसेल. चेगू हसला नाही. त्यानं डोळे मिटले आणि टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले.

निकाल तिथंच लागला. रेघा मारायची गाडी माझ्याकडून काढली, ते काम बाहेरच्या माणसांना दिलं, गवत तेवढं माझ्याकडं राहिलं. आणि चेगूला एक वर्ष वाढवून दिलं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "चेगू, झालं. सही कर आणि घरी जा, बायको वाट बघत असेल." तो चालता चालता थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं मला अंकल म्हटलं नाही.

"सही सोमवारी. त्याच्या आधी तुम्ही त्या तिघांना सांगायचं. स्वतःच्या तोंडानं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी चौथा."

मी त्याच्यावर चिडलो. पोराच्या वयाचा माणूस मला अट घालतो! घरापर्यंत चिडूनच आलो. सुलूला सांगितलं. ती म्हणाली, "मग? कधी जाताय?" आणि मशीन सुरू केली.

गोह हॉकर सेंटरला भेटला, शनिवारी, कोपीचा, म्हणजे तिथल्या कॉफीचा, कप पुढ्यात. ऐकून तो खोकला येईपर्यंत हसला. "मला वाटायचं पोलिसात पळून पळून मला सगळंच छोटं दिसतं," म्हणाला. मग हसू थांबलं. बराच वेळ कपातला चमचा फिरवत राहिला. म्हणाला, "प्या. गार होईल," आणि उठून सिगारेट ओढायला बाहेर गेला, तो परत आत आला नाही. पीटर इंग्लंडला परतला होता. मी बोललो तसं मनूनं ईमेलात लिहिलं. त्याचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं, दोन ओळींचं. मनूनं दुसरी ओळ वाचून दाखवली नाही. पण इंग्रजी शिव्या मला वाचता येतात, बोटीवर तेवढंच तर शिकलो.

रविवारी दुपारी सेरंगूनला गेलो. सेल्वमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, दाराला आंब्याची पानं, कोरडी झालेली. त्याच्या बायकोनं दार उघडलं. ती मला ओळखायची, पण आत या म्हणायला तिला वेळ लागला. सेल्वम लुंगीवर होता, शाळेचं टाइमटेबल टेबलावर पसरलेलं. कोचिंग त्यानं परत कधी केलं नाही. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, कारण बसलो असतो तर आधी हवापाण्याचं बोललो असतो.

त्यानं एकच विचारलं. "किती कमी?"

"लांबीत चौदा मीटर. रुंदीत नऊ."

मला वाटलं, आता हा टेपची आठवण काढेल, आणि ती त्यानं काढावी असंही वाटत होतं. एक शिवी जरी दिली असती तरी मी हलका झालो असतो. पण तो माझ्याकडं बघतच नव्हता. टाइमटेबलाचे कागद गोळा करून त्यानं सारखे केले, परत सारखे केले. मग म्हणाला, "अझलान."

अझलान त्याचा कॅप्टन होता. मला आठवला. बाहेरच्या एका सामन्यात तो शेवटी चालायला लागला म्हणून सेल्वमनं सगळ्यांसमोर त्याचा कॅप्टनचा पट्टा काढून घेतला होता. त्याचा बाप कामावरून सुट्टी काढून सामना बघायला आला होता, तो रेलिंगला उभा होता.

"त्याच्या बापासमोर मी त्याला आळशी म्हटलं," सेल्वम म्हणाला. "घरी लाडात वाढलाय म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं टीम सोडली. मला वाटलं, बरं झालं, एक कामचुकार गेला."

त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. सेल्वमनं मोबाईल घेतला आणि नंबर शोधायला लागला. दोन-तीन ठिकाणी फोन करून, कुणाला तरी विचारून त्यानं तो मिळवला, एका वहीच्या कोपऱ्यावर लिहिला. मी दाराकडं सरकलो. हे त्यांचं, गुरुशिष्याचं, माझं इथं काय काम. सेल्वम मान न उचलता म्हणाला, "बसा अंकल. मी एकट्यानं नाही बोलणार."

मी बसलो. घंटी वाजत होती, मला ऐकू येत होती. मग कुणीतरी फोन उचलला.

"अझलान? मी कोच सेल्वम."

पलीकडून एक आवाज, ताठ, रांगेत उभं राहून हजेरी द्यावी तसा, "येस, कोच."

सेल्वमनं तोंड उघडलं. परत मिटलं. त्यानं फोन कानापासून काढला आणि माझ्यापुढं धरला. मी घेतला, उभा राहिलो आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणालो, "अझलान, मी ग्राउंडवाला अंकल बोलतोय. पोरा, तुझा दम कमी नव्हता."